रुळाच्या बाहेरून चालणारा उखा नाना

मथुराच्या तेराव्याला बस बंद होत्या. ड्रायव्हर-कंडक्टर संपावर होते. तिच्या माहेरची, म्हसावदची माणसं अर्धी आली, अर्धी वाटेतच अडकली. जेवणं झाल्यावर ओट्यावर पान लावता लावता जावई म्हणाला, "सरकारी नोकराला संपाचा हक्कच नको. लोकांचं काम अडवून धरायचं म्हणजे काय?" सगळ्यांनी माना हलवल्या. मीपण हलवली असती. बायको गेलेल्या माणसानं वाद घालावा असं कुणाला वाटत नाही. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "उखा नाना इथं असता तर तुमच्याशी बोलला असता."

"कोण उखा नाना?" जावई म्हणाला.

मी ओट्यावर नजर फिरवली. एकाच्याही तोंडावर ओळख नव्हती. ज्या एकीला ते नाव आठवलं असतं तिचा फोटो आतल्या खोलीत हार घालून ठेवला होता.

म्हणून लिहितोय. मी चौथी शिकलेला आहे, अक्षर वाकडं आहे आणि गोड लिहायची मला सवय नाही. शिवाय आता दिवसाही डोळा लागतो. दुपारी खाटेवर पडलो की रूळ दिसतात, त्यावर धुकं, आणि धुक्यातून हातोड्याचा आवाज. जागा झालो की समजत नाही, हे झालं होतं की आत्ता दिसलं. जसं येईल तसं लिहितो.

तेव्हा आमचा जिल्हा धुळे होता. नंदुरबारहून नवापूरकडे जाणाऱ्या लाइनीवर एक लहान स्टेशन होतं, तिथं मी गँगमन होतो. स्टेशनाचं नाव लिहीत नाही, तिथं अजून लोक नोकरी करतात. आमच्या गँगेत आठ माणसं आणि वर एक मुकादम. खडी भरायची, स्लीपर बदलायचे, गवत काढायचं, हे आमचं काम. उखा नानाचं काम वेगळं. तो चावीवाला होता. रूळ ज्या लोखंडी बैठकीत बसतो तिथं त्याला घट्ट धरायला एक पाचर ठोकलेली असते, तिला चावी म्हणतात. गाडीच्या हादऱ्यानं चाव्या सैल होतात. चावीवाल्यानं रोज सकाळी आपली चार मैलांची हद्द पायी चालायची, एकूण एक चावी बघायची, सैल असेल ती ठोकायची, दोन रुळांच्या जोडावरचे बोल्ट आवळायचे. परत येऊन मुकादमाला सांगायचं, लाइन ठीक आहे. मुकादम वहीत लिहिणार, चावीवाला सही करणार नाहीतर अंगठा देणार. एवढ्याच्या भरवशावर गाडीभर माणसं झोपा काढत सुरतेला जायची.

नाना उंच होता, शेवग्याच्या शेंगेसारखा वाळलेला. वय तेव्हा पंचेचाळीसच्या पुढं. बायको लग्नानंतर दोन वर्षांतच गेली, दुसरी केली नाही. स्लीपरवर पाय टाकत जन्म गेल्यामुळं त्याचं पाऊल ठराविक मापाचं झालं होतं. नंदुरबारच्या बाजारात मोकळ्या रस्त्यावरही तो तसाच चालायचा, एकसारखी आखूड पावलं टाकत. पोरं मागून नक्कल करायची. तो वळून म्हणायचा, "तुम्हना पाय लांब पडी ऱ्हायना रे भो. आखूड टाका."

सकाळी आधी त्याचा हातोडा ऐकू यायचा, माणूस नंतर दिसायचा. हिवाळ्यात डोंगराकडून धुकं उतरायचं, सागाची झाडं अर्धीच दिसायची, आणि त्यातून टण, टण, टण. मधेच एक आवाज बद यायचा, फुटक्या मडक्यासारखा. तिथं सैल चावी. मग दोन जोराचे घाव, आणि पुन्हा टण. मथुरा त्या आवाजावर चूल पेटवायची. नवीन लग्न झालेलं, घड्याळ आमच्याकडं नव्हतं.

तो चाव्यांशी बोलायचा. मला तेव्हा हसू यायचं. आता मी पाण्याच्या माठाशी बोलतो, म्हणून हसत नाही. नाल्यापलीकडं एक वळण होतं, तिथल्या चाव्या रोज सैल सापडायच्या. त्या वळणाला तो सासरवाडी म्हणायचा. "रोज जानं पडस, नि रोज कोणतरी रुसेलच ऱ्हास." गाडी आली की बाजूला उभा राहून पायातल्या चपला काढायचा आणि डोळे मिटायचा. मी एकदा विचारलं, देवाला हात जोडतोस का? तो म्हणाला, "नही रे. डोया उघडा ऱ्हायनात का गाडीच दिसस. तयपायले रूय समजस." शेवटचा डबा गेला की डोळे उघडून तळपायांना काय समजलं ते सांगायचा, अमुक जोडापाशी खडी बसलीय. आम्ही जाऊन बघावं तर बसलेली असायची.

एकदा लाइनीचा साहेब ट्रॉलीवरून आला. हा जुना साहेब, मनानं बरा. त्यानं विचारलं, "उखा, तुझ्या हद्दीत चाव्या किती?"

"मोजेल नहीत, सायेब."

"मग एखादी गेली तर कळणार कसं?"

"घरना पोरे कोणी मोजस का? एक नसना ते घर सांगस."

साहेब हसला आणि ट्रॉली पुढं गेली. नाना मात्र हसला नव्हता. साहेबानं एवढी सोपी गोष्ट का विचारावी, याचाच तो विचार करत होता.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच पावसाळ्यात संप आला. केंद्राच्या नोकरांचा, म्हणजे टपालवाले, तारवाले, आम्ही रेल्वेवाले, सगळ्यांचा. महागाई वाढत चालली होती आणि पगार होता तिथंच होता. खालच्या लोकांचं वर कोणी ऐकत नव्हतं. संपाच्या आदल्या दिवशी आम्ही गँगेच्या झोपडीत चहा घेत बसलो होतो. मुकादमाला संप नको होता. मुकादम वाईट माणूस नव्हता, भित्रा होता. माझ्यासारखाच.

तो म्हणाला, "आपन लोकेसना नोकर शेतस. शेतकरी काम थांबाडी ते त्यानं त्यानं नुकसान. आपन थांबाडं ते दुसरानं."

नाना बशीतला चहा फुंकत होता. म्हणाला, "सैल चावीवर हातोडा मारा ते ती बद बोलस ना?"

"बोलस."

"बोलस म्हनीसन आपन ठोकतस. ती बोलनीच नही ते?"

"ते गाडी पडी."

"मंग आपन बोलनूत ते सरकारनं काय वाईट व्हस?"

मग मुकादमानं जे विचारलं ते मी विसरलो नाही. "नि गाडीमा कोणी बाई बायंतपनले जाई ऱ्हायनी व्हई ते? तिनी काय करं तुन्हं?"

नानानं बशी खाली ठेवली, मिशा पुसल्या. "ते मी पाही लिसू," म्हणाला.

आम्हाला वाटलं, बोलायला काही उरलं नाही म्हणून बोलला.

संपाच्या पहिल्या दिवशी त्यानं हातोडा घासून धुतला, गोणपाटात गुंडाळला. लाल झेंडी, हिरवी झेंडी, धुक्यात गाडी थांबवायला रुळावर ठेवायचे फटाके, बोल्टचा पाना, सगळं मुकादमाच्या पुढ्यात मांडलं. मुकादम म्हणाला, "झेंडी ऱ्हाऊ दे तुन्हापा, कोण इचारस." नाना म्हणाला, "कामनी शे ना? मंग कामवर ऱ्हावू दे." रेल्वेची खोलीसुद्धा त्याच सकाळी रिकामी केली. खोली पण कामाचीच. एक वळकटी, एक तांब्या घेऊन नाल्यापलीकडच्या पाड्यावर बहिणीकडं राहायला गेला. आम्ही बाकीचे संपावर गेलो आणि रेल्वेच्याच खोल्यांमध्ये पाय पसरून बसलो. हा फरक तेव्हा ध्यानात आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नवा साहेब आला. संध्याकाळपर्यंत कामावर या, नाहीतर खोल्या खाली करा, असं ओरडून गेला. मथुराला सातवा महिना होता. बाहेर पाऊस धरलेला. मी संप फोडला. मथुरानं सांगितलं म्हणून नाही, तिनं काही सांगितलं नव्हतं. मी घाबरलो. साहेबानं गोणपाट सोडून नानाचा हातोडा माझ्या हातात दिला. म्हणाला, "आजपासून चावीवाला तू."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी हद्द चालायला निघालो तर नाल्यापलीकडं नाना समोरून येत होता. नेहमीच्या वेळी, नेहमीच्या चालीनं, पण रुळांच्या बाहेरून, खडीच्या कडेच्या पायवाटेनं. हात पाठीमागं बांधलेले. डोळे चाव्यांवर.

"नाना, काय करी ऱ्हायना?"

"फिरी ऱ्हायनू."

"तू संपवर शे ना?"

"शे ना. म्हनीसन ते भाईरथून चाली ऱ्हायनू. मझार पाय ठेवा ते नोकरी व्हई जाई."

माझं तोंड उतरलं असणार. तो मला फितूर म्हणेल, थुंकेल, असं मला वाटत होतं. त्यानं माझ्या हातातल्या हातोड्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "दांडा इतला आवयी धरू नको दगडू, हातले फोड येतीन." मग पुढं गेला. दहा पावलांवर थांबून मागं न बघता म्हणाला, "सासरवाडीवर तीन रुसेल शेतस. मी बोट लावं नही. तू ठोकी ले."

पुढं मी त्याला विचारलं होतं, कशाला हिंडत होतास पावसात. तो म्हणाला, "मन्हं भांडन सायेबसंगे, रूयसंगे नही." एवढंच. त्या हिंडण्याबद्दल तो जन्मभर एवढंच बोलला.

चौथ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला होता, पण धुकं एवढं की हातातला हातोडा दिसत नव्हता. रात्रभर पाणी पडलेलं. मी नाल्यापर्यंत गेलो. पुलावर कठडा नव्हता, नुसते स्लीपर, आणि खाली लाल पाणी गर्जत होतं. दिसत काही नव्हतं, ऐकूच येत होतं. मी एक पाय टाकला. दुसरा टाकला. मग काय झालं सांगता येत नाही. मला वाटलं, पूल संपतच नाही, पुढं नुसता आवाज आहे. मी मागं फिरलो. पुलाअलीकडं थोडा वेळ बसलो. मग मुकादमाकडं येऊन सांगितलं, लाइन ठीक आहे. त्यानं वहीत लिहिलं, मी सही केली. सही मला येत होती, त्याचा मला अभिमान होता. घरी आलो तर मथुरा म्हणाली, "आज लवकर उनात?" मी म्हणालो, "नाना नही ना गप्पा माराले."

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही. गाडीतल्या माणसांनी सांगितलं, गार्डानं सांगितलं, आणि इतक्या वेळा ऐकून आता मला ते दिसतं.

नाना पाड्यावरून निघाला. सासरवाडीच्या वळणावर पाण्यानं रुळाखालची खडी वाहून नेली होती. रूळ हवेत लोंबत होता. जोडाची पट्टी फुटली होती आणि दोन बोल्ट निघून चिखलात पडले होते. नानानं आधी काय केलं असेल? वाकून बोल्ट उचलले, धोतराला पुसले आणि कमरेला कनवटीत खोवले. चावीवाला पडलेलं लोखंड लाइनीवर सोडत नाही. सोडलं की चोरीला जातं नाहीतर चाकाखाली येतं. हात आपोआप जातो. त्या हातानंच त्याचा घात केला.

तेवढ्यात तळपायांना येणाऱ्या गाडीचा हादरा लागला असणार. झेंडी मुकादमाकडं, फटाके मुकादमाकडं. रेल्वेचा नियम आहे, हातात काही नसलं तर दोन्ही हात सरळ डोक्यावर धरायचे. ड्रायव्हरला त्याचा अर्थ एकच, थांब. नाना पुढं पळत गेला आणि चार दिवसांत पहिल्यांदा रुळांच्या मध्ये उभा राहिला. दोन्ही हात वर. ड्रायव्हर म्हणाला, "धुक्यात आधी मला वाटलं वाळलेलं झाड आहे. मग दिसलं, झाड रुळांच्या मध्ये आहे, शिट्टी देऊनही हटत नाही आणि त्याला दोन हात आहेत, तेव्हा ब्रेक मारला." गाडी त्याच्यापासून पाच-सहा हातांवर थांबली. लोक खाली उतरले, लोंबता रूळ पाहिला. एका म्हातारीनं नानाच्या पायांना हात लावला म्हणतात. तो मागं सरकला आणि पहिलं काम काय केलं तर रुळांच्या बाहेर जाऊन उभा राहिला.

दुपारी साहेब आला. पोलीस आले. संपवाला लाइनीवर सापडला. कमरेला बोल्ट सापडले. खडी पाणी नेतं, बोल्ट माणूस काढतो, असं साहेब म्हणाला. वहीत लिहिलेलं होतं, सकाळी सातला चावीवाल्यानं पूर्ण हद्द तपासली, लाइन ठीक. खाली माझी सही. म्हणजे सातनंतर कुणीतरी तोडलं. कुणी, ते कमरेलाच होतं. पोलीस त्याला घेऊन गेले. आठ दिवसांनी सोडलं, पण कामावर घेतलं नाही. रूळ उखडल्याचा आरोप ठेवून चौकशी लावली. आरोप पक्का झाला असता तर जेल होती.

पाचव्या दिवशी संप मिटला. बाकीचे कामावर गेले. जावईबापू, तुम्ही वाचाल तर एवढं ध्यानात घ्या. हक्क असावा की नसावा, ते शिकलेल्यांनी ठरवावं. मला एवढंच माहीत आहे, जो संपावर होता त्यानं लाइन पाहिली, आणि जो कामावर होता त्यानं पाहिली नाही.

चौकशी स्टेशनातल्या खोलीत झाली. मी बाकावर बसलेलो. साहेबानं नानाला विचारलं, "त्या दिवशी सकाळी चावीवाला तिथून गेला होता की नाही? तू त्याला पाहिलंस?"

नानानं माझ्याकडं पाहिलं नाही. पायाच्या अंगठ्यानं फरशीची फट उकरत होता. "माले माहीत नही, सायेब. मी संपवर व्हतू."

मी सही कबूल केली. हो साहेब, पूर्ण हद्द चाललो. आवाज माझाच होता, पण दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

मथुराला मुलगी झाली. दवाखाना लांब, नाल्याला पाणी. बाळंतपणाला कोण आलं? नानाची बहीण, भुरीबाई. नानानं पाठवली. बारा दिवस रोज पाड्यावरून येऊन ती पोरीला न्हाऊ घालायची, मथुराला शेक द्यायची. मी बाहेर ओट्यावर बसायचो. एके दिवशी पोरीच्या अंगावर पाणी घालता घालता ती मथुराला सांगत होती. तिला माझ्यावर काही म्हणायचं नव्हतं, निदान आवाज तसा नव्हता. "नाना म्हने, हातोडा बसना ना का पावसाया मझार चावीनं तोंड उजयस. गंज उडस ना. त्या दिन नालाना पल्याड एक बी चावीनं तोंड उजयेल नव्हतं."

पाण्याचा आवाज थांबला. चावी उजळली नाही म्हणजे तिथं हातोडा पोचलाच नव्हता, हे मथुराला कळलं असणार. भुरीबाई गेल्यावर मी आत गेलो. ती पोरीला पदराखाली घेऊन भिंतीकडं बघत होती.

"पोरनं नाव ठेवानं नही," ती म्हणाली.

"काबरं?"

"उद्या शायमा घालसूत. बापनी सही लागी. तुम्हनी सही माले नको."

मी चिडलो. म्हणालो, नोकरी जाईल, खोली जाईल, ही पोर घेऊन कुठं जायचं? ती म्हणाली, "नाना कोठे गया? पाड्यावर गया ना? पाडा काही मरी नही गया." पुढं ती त्या विषयावर बोलली नाही. भाकरी वाढायची, पाणी द्यायची, डोक्याला तेल लावून द्यायची. नाव मात्र नाही. बारसं टळलं. शेजारणी विचारायच्या, नाव काय ठेवलं? ती सांगायची, "तिना बापले इचारा." दोन महिने आमच्या घरात बिननावाचं पोर रडत होतं. तुम्ही बिननावाचं पोर कधी थोपटलंय का? थोपटताना तोंडात काही येत नाही, नुसता हात चालतो.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी मी नंदुरबारला गेलो आणि साहेबासमोर उभा राहिलो. सांगितलं, साहेब, मी नाल्यापर्यंतच गेलो होतो. साहेब म्हणाला, "लेखी देशील?" माझ्या वाकड्या अक्षरात सहा ओळी लिहिल्या. सही केली. परत आलो, मथुराला सांगितलं. तिनं पोरीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "सुमन म्हना तिले." नाव तिनं कधीच ठरवून ठेवलं होतं.

माझी नोकरी गेली. जायलाच हवी होती.

खोलीची किल्ली द्यायला स्टेशनावर गेलो त्या दिवशी साहेब आलेला होता. त्यानं नानाला बोलावून घेतलं होतं. साहेबाच्या हातात कागद, टेबलावर शाईची डबी.

"उखा, तुझ्यावरचा आरोप गेला. उद्यापासून कामावर ये. फक्त इथं अंगठा दे."

"काय लिखेल शे?"

"संपात गेलो ही माझी चूक झाली, पुन्हा जाणार नाही. सगळ्यांनी दिलाय."

नानानं कागद हातात घेतला. वाचता येत नव्हतं, तरी बघत राहिला. "गाडी थांबाडी, ती बी चूक का, सायेब?"

"ती कशी चूक? ती चांगली गोष्ट केलीस. मी वर लिहून कळवलंय."

"काम थांबाडनारा नि गाडी थांबाडनारा एकच माणूस व्हता, सायेब. दोन नव्हतात. एकले चूक म्हना ते दुसराले बी म्हननं पडी."

साहेब म्हणाला, "शब्दांत अडकू नकोस. बाकीच्यांनी दिला ते काय वेडे आहेत?"

"नहीत. त्यासनी घरे शेतस, पोरे शेतस. त्यासनी देनाच पाहिजे." त्यानं कागद टेबलावर ठेवला, उडू नये म्हणून शाईची डबी त्यावर ठेवली, आणि राम राम करून निघाला. मुकादम दारापर्यंत मागं गेला, "नाना, अंगठाच ते शे रे," म्हणत. नाना थांबला नाही.

मी त्याला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा आम्ही समोरासमोर होतो. मी विचारलं, "नाना, तू तवय सांगं काबरं नही?"

"काय सांगू? तुन्हं तू सांगनारा व्हतास."

"नि मी नसतं सांगं ते?"

त्यानं विचार केला. खरंच विचार केला, चेहऱ्यावर दिसत होतं. "ते आखो वाट पाहतू," म्हणाला.

मला क्षमा केली का, हे त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी भिकारी नव्हतो आणि तो सावकार नव्हता. पण ते मनात राहिलं. कामाला लागलो, तापीकाठच्या गुजर पाटलाच्या केळीत. पाणी धरायचं, घड तोडायचे. बागेत उन्हाळ्यातही हिरवा अंधार असायचा, पाटाचं पाणी पायांवरून जायचं, आणि मला वाटायचं, आता कुठंतरी टण वाजेल. मथुरा पलीकडच्या सरीतून म्हणायची, "काय आयकी ऱ्हायनात?"

मग सात-आठ वर्षं गेली. सुमन शाळेत जायला लागली. मथुराच्या भावाचं लग्न होतं, म्हणून पाटलाची बैलगाडी घेऊन आम्ही म्हसावदला निघालो. वाटेत एक गाव लागतं. गावाच्या तोंडाशी शाळा, दाराला कुलूप, आणि दाराबाहेर निंबाखाली वीस-पंचवीस पोरं ओळीनं बसलेली. त्यांच्यापुढं एक उंच म्हातारा बकऱ्या हाकलत होता. शाळेनं लावलेली रोपं होती, त्यांना बकऱ्या तोंड लावत होत्या. मथुरानंच ओळखलं. मी बैल थांबवले.

नाना तिथं भाच्याकडं राहत होता. पाणी पाजलं, बैलांनाही पाजलं. म्हातारा झाला होता, दात गेले होते.

"नाना, शाया बंद काबरं?" मथुरानं विचारलं.

"मास्तरे संपवर शेतस. चार दिन व्हयनात."

"नि ही पोरे?"

"पोरे संपवर नहीत," नाना म्हणाला.

मथुरा हसली. मग त्यानं सांगितलं. पहिल्या दिवशी गावचा पाटील कुलूप तोडायला निघाला होता. नानाला म्हणाला, तू बस आत, पोरं सांभाळ, चार दिवस मास्तरांशिवाय शाळा चालू दे, म्हणजे त्यांची जिरेल. नानानं नकार दिला. कुलूप मास्तरांनी लावलंय, ते मास्तरच काढतील. पण आईबाप शेतात जातात, पोरं मोकाट विहिरीकडं धावतात, म्हणून तो त्यांना बाहेर निंबाखाली बसवत होता. शिकवता तर काही येत नव्हतं. पोरं आपापसांत पाढे म्हणायची आणि तो ऐकायचा. एखादा पाढा चुकला तर त्याला कळायचं नाही, पण अडखळलेला आवाज कळायचा. तिथं बोट दाखवून म्हणायचा, "हाऊ सैल शे. आखो म्हन."

त्यानं सुमनकडं पाहिलं. नाव विचारलं. तिनं सांगितलं. "किती लोंग पाढा येतस?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, बारापर्यंत. "मंग बठ थोडी येय," म्हणून त्यानं तिला ओळीच्या टोकाला जागा करून दिली. ती बसली. बाराचा पाढा तिनं त्या पोरांना म्हणून दाखवला. नाना डोळे मिटून ऐकत होता. माझ्याशी तो बैलांबद्दल बोलला, केळीबद्दल बोलला. ऊन चढायला लागलं तसे आम्ही निघालो.

मी बैल हाकत होतो. रस्ता खाचखळग्यांचा, बैल नवे, मला मागं बघता आलं नाही. मथुरा मागं तोंड करून बसली होती. मी विचारलं, "काय दिसस?"

"नाना उभा शे," ती म्हणाली.

तेच त्याचं शेवटचं दिसणं, आणि ते मी पाहिलेलं नाही. दोन वर्षांनी तो गेल्याचं कळलं. त्यानंतर मी मथुराला कितीदा विचारलं असेल, त्या दिवशी काय दिसलं तुला? ती दर वेळी सांगायची, आणि दर वेळी थोडं वेगळं असायचं. कधी तो पोरांना लोट्यानं पाणी पाजत होता. कधी एका पोरीच्या पायातला काटा काढत होता. कधी म्हणायची, धूळच एवढी उडाली की निंबच दिसला. मी म्हणायचो, नक्की सांग. ती म्हणायची, "नक्की म्हंजे काय? इतला वरीस व्हयनात."

या वर्षी ती आजारी पडली तेव्हा शेवटच्या आठवड्यात, दुपारी, मी तिच्या उशाशी बसलो होतो. दोघांचाही डोळा लागत होता, उघडत होता. विचारलं नसताना ती म्हणाली, "नाना आपलाकडे पाही ऱ्हायंता. आपन दिसत व्हतूत तवलोंग."

एवढ्या वर्षांत हे तिनं पहिल्यांदा सांगितलं. मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. हे तिनं तेव्हा खरंच पाहिलं होतं, की मला द्यायचं म्हणून आत्ता दिलं, ते मला कळलं नाही. विचारणार होतो. तिचा डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही.